नळ का वाजतात? पाइपांचे आवाज ओळखून बंद करण्याची कृती

रात्री घर शांत झालं की बाथरूमच्या भिंतीतून ‘धप्प’ असा आवाज यायचा. एकदाच. मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही, आणि पुन्हा धप्प. आवाज बाथरूममधून येतो म्हणून आम्ही बाथरूमचा नळ बदलला. मग शॉवरचा कॉक बदलला. पुढची पायरी भिंत फोडण्याची होती. त्याच्या आदल्या रात्री मला पहिल्यांदाच जाणवलं की वॉशिंग मशीन लावलेलं असतं त्याच रात्री हे होतं. मशीन घराच्या दुसऱ्या टोकाला. त्याची झडप पाणी घेणं थांबवायची त्या क्षणी पाइपमधून धक्का जायचा आणि बाथरूमच्या भिंतीत पाइप धरून ठेवणारा एक क्लॅम्प सुटला होता, तिथे पाइप आपटायचा. नळाचा काही संबंधच नव्हता.

पाइपांच्या बाबतीत कान असाच फसतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात १४८० मीटरच्या आसपास. धातूचा पाइप आणि भिंत तो आणखी पसरवतात. म्हणून आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधी तो कधी येतो हे शोधा. मला हे कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर दोन चांगले नळ वाचले असते.

१. आधी वही, मग पाना

तीन-चार दिवस एक वही पाण्याच्या मुख्य कॉकजवळ किंवा पटकन हाताला येईल अशा जागी ठेवा. आवाज आला की चार गोष्टी लिहा: वेळ, आवाज कसा होता, त्या क्षणी घरात कुठलं पाणी सुरू झालं किंवा थांबलं, आणि पाणी गार होतं की गरम. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘रात्री १०.४०, धप्प, एकदाच. नळ सगळे बंद. मशीनचा खळाळ नुकताच थांबला.’ उत्तर त्याच ओळीत होतं.

आवाज कसा आहे हे आपल्या शब्दांत लिहा, आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची कमी नाही. नळ बंद करताच येणारा धप्प किंवा ठण् म्हणजे पाण्याचा धक्का. नळ अर्धा उघडा असताना येणारी शिट्टी किंवा किर्र म्हणजे आतला वॉशर, जाळी किंवा झडप. गरम पाणी सुरू केल्यावर आणि बंद केल्यावरही काही वेळ येणारी टक्-टक् म्हणजे तापून वाढणारा पाइप. फुर्र-फुर्र करत थुंकणारा नळ म्हणजे हवा. बेसिनच्या भोकातून गुडगुड आली तर दोष येणाऱ्या पाण्यात नाही, जाणाऱ्या पाण्यात आहे. आणि सगळं बंद असतानाही बारीक सूं ऐकू येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिसरी पायरी करा.

२. जवळ काय हवं

- मोठा आणि लहान अ‍ॅडजस्टेबल पाना, पकड, चपटा आणि चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर
- टेफ्लॉन टेप
- विजेरी
- बादली, जुने फडके, जुना टूथब्रश, पांढरा व्हिनेगर
- नळाच्या आट्यांवर बसणारं प्रेशर गेज (कुणाकडून उसनं मिळालं तरी चालेल, एकदाच लागतं)
- रबराचं अस्तर असलेले क्लॅम्प, तुमच्या पाइपच्या बाहेरच्या मापाचे
- वॉशर, पण ते जुना काढून हातात आल्यावरच आणा. अंदाजाने आणलेला वॉशर बहुतेक वेळा एक माप चुकतो

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे घरातला मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा आणि तो खरोखर बंद होतो का हे आजच पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक गरजेच्या वेळी फिरत नाही, किंवा फिरतो पण पाणी थांबवत नाही. नळाचा स्पिंडल (मुठीखालचा आतला दांडा) हातात आणि समोर पाण्याचं कारंजं, अशा वेळी हे कळणं फार वाईट.

३. गळती नाही ना, हे पहिल्यांदा पाहा

सगळे नळ बंद करा, मशीन बंद करा आणि पाण्याच्या मीटरवरचं सगळ्यात लहान चक्र पाहा. ते हलत असेल तर पाणी कुठेतरी चाललंय. मीटर नसेल आणि टाकी असेल तर रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीची खूण करा, कुणीही पाणी वापरणार नाही असं सांगा आणि सकाळी पाहा.

सगळ्यात जास्त सापडणारा चोर म्हणजे फ्लशची टाकी. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर खालचं रबर गळतंय.

भिंतीतली गळती ऐकायला स्क्रू ड्रायव्हर कामाला येतो. टोक पाइपवर किंवा कॉकवर टेकवा, मुठीचं बूड कानाच्या पुढच्या हाडाला लावा. बारीक सूं असेल तर स्पष्ट ऐकू येते. दोन-तीन ठिकाणी ऐका. आवाज जिथे मोठा, गळती त्या बाजूला. भिंतीतली गळती निघाली तर इथेच थांबून प्लंबरला बोलवा.

४. दाब आणि वेग मोजा

बरेच आवाज एकाच कारणाने वाढतात: पाणी गरजेपेक्षा जोरात धावतंय. दोन मोजमापं घ्या.

पहिलं दाबाचं. घरात कुठेही पाणी चालू नसताना गेज लावा. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार दाब देतं, त्यामुळे टाकी डोक्यावर तीन मीटरच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार भरेल आणि दाबाचा प्रश्न तुमच्याकडे नाही. थेट जोडणी किंवा प्रेशर पंप असेल तर मात्र पाहा. घरगुती वापराला ३ बार पुरतो. ५ बारच्या वर काटा गेला तर मुख्य कॉकनंतर दाब कमी करणारी झडप बसवून घ्या. मग निम्मे आवाज आपोआप खाली येतात, आणि नळ व मशीनही जास्त टिकतात. दाब रात्री वाढतो, कारण आजूबाजूचा वापर थांबलेला असतो. म्हणून एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्रीच्या सुमारास मोजा.

दुसरं वेगाचं. सगळ्यात जोरात वाहणाऱ्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. ५० सेकंदांत भरली म्हणजे मिनिटाला १२ लिटर. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये याचा वेग सेकंदाला १.१ मीटर होतो, हे ठीक. तीच बादली ३० सेकंदांत भरली तर वेग १.९ मीटरवर जातो. २ मीटरच्या जवळ पाणी पाइपमध्ये सरसरायला लागतं आणि प्रत्येक वळणावर ते ऐकू येतं. व्यास आतला धरायचा, पाइपवर छापलेला नव्हे.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अर्धवट उघडा ठेवलेला गेट व्हॉल्व्ह. गोल चाकाचा हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढ्यासाठीच असतो. अर्धा ठेवला तर आतली पाती प्रवाहात खडखडते आणि अरुंद जागेतून पाणी सूं करत जातं. लोक पाइप बदलायला निघतात आणि दोष चाकाच्या चार फेऱ्यांत असतो.

५. धप्प: पाण्याचा धक्का

याला प्लंबर ‘वॉटर हॅमर’ म्हणतात आणि हा एकच आवाज असा आहे जो नुसता त्रास देत नाही, नुकसानही करतो.

पाइपमधलं पाणी म्हणजे लांबलचक जड सळई धावतेय असं समजा. नळ हळूहळू बंद केला तर ती थांबायला वेळ मिळतो. झटक्यात बंद केला तर सगळी गती दाबात बदलते आणि दाबाची लाट पाइपमधून मागे जाते, आपटून परत येते. निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. त्या गणिताने धातूच्या पाइपमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबलं तर दाब क्षणभर सुमारे १२ बारने वाढतो. कडक प्लास्टिक थोडं ताणलं जातं, म्हणून तिथे हाच धक्का साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. वेग दुप्पट झाला की धक्काही दुप्पट. रोज पन्नास वेळा असा दणका बसणारा सांधा एक दिवस सुटतोच.

झटक्यात बंद होणाऱ्या गोष्टी कोणत्या? वॉशिंग मशीन आणि भांडी धुण्याच्या मशीनच्या विजेवर चालणाऱ्या झडपा, एका दांडीचे नळ, पाव फेऱ्यात बंद होणारे बॉल व्हॉल्व्ह. जुने चार-पाच फेऱ्यांचे नळ या बाबतीत सोशिक होते.

उपाय या क्रमाने करा, कारण पहिले दोन फुकट आहेत.

पहिला: मशीनच्या नळीचा कॉक थोडा बंद करा, एवढाच की मशीन जरा सावकाश भरेल. प्रवाह कमी झाला की धक्का त्याच प्रमाणात कमी होतो. नळ हाताने बंद करताना शेवटचा भाग हळू फिरवण्याची सवय घरात सगळ्यांना लावा.

दुसरा: जुन्या घरात नळाच्या वर भिंतीत हवेची नळी ठेवलेली असू शकते, म्हणजे वरून बंद केलेला पाइपचा उभा तुकडा. त्यातली हवा उशीसारखी धक्का झेलते. पण हवा पाण्यात विरघळत जाते आणि हळूहळू नळी पाण्याने भरते. मुख्य कॉक बंद करा, गिझर बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. मग नळ बंद करून मुख्य कॉक अगदी सावकाश उघडा. नळीत पुन्हा हवा अडकते. काही महिन्यांनी हे पुन्हा करावं लागेल.

तिसरा, आणि माझ्या मते कायमचा: हॅमर अरेस्टर. याच्या आत दट्ट्या असतो आणि दट्ट्यामागे कोंडलेली हवा, त्यामुळे पाणी हवेला शिवत नाही आणि हवा विरघळत नाही. मशीनचा कॉक आणि नळी यांच्या मध्ये हा आट्यांवर बसतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे, हाताने घट्ट, मग पान्याने थोडंसं. नळीच्या ज्या टोकाला रबरी वॉशर आहे तिथे टेप लावायची नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तो धक्का देणाऱ्या झडपेच्या जितका जवळ तितका उपयोगी, आणि मशीन गार व गरम दोन्ही पाणी घेत असेल तर दोन लागतात. आवाज बाथरूममध्ये येतो म्हणून तो बाथरूममध्ये बसवला तर काहीही फरक पडणार नाही.

चौथा: सुटे क्लॅम्प. पाइप दिसतो तिथे एका हाताने धरा आणि दुसऱ्याला नळ बंद करायला सांगा. पाइपची उडी बोटांना कळते. १५ ते २० मिलिमीटरच्या प्लास्टिक पाइपला आडव्या धावेत मीटरभराच्या आत एक आणि वळणाजवळ एक क्लॅम्प हवा. पण नुसते क्लॅम्प आवळून थांबू नका. आवाज जातो, धक्का तसाच राहतो, आणि तो मग सांध्यावर बसतो.

६. शिट्टी, किर्र आणि थरथर

नळ ओरडत असताना त्याची मूठ वर-खाली जरा दाबून पाहा. आवाज बदलला तर आतला वॉशर किंवा स्पिंडल सैल आहे.

कॉक बंद करून नळ उघडा, उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर बारीक स्क्रू आत जातो आणि काम दुप्पट होतं. मूठ काढा, नट सोडवून स्पिंडल बाहेर घ्या. टोकाला रबराची चकती दिसेल. माझ्या नळातल्या चकतीवर खोल गोल खाच पडली होती, रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं, आणि मधला स्क्रू बोटाने फिरत होता. पाणी वाहताना ती चकती तोंडावर फडफडत होती, म्हणून तो घर्र आवाज. नवी चकती त्याच व्यासाची बसवा, मधला स्क्रू नीट आवळा, आणि ज्या कडेवर ती टेकते तिथे बोट फिरवून ओरखडे आहेत का पाहा. कड खडबडीत असेल तर नवा वॉशरही लवकर जातो.

एका दांडीच्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलायचं. नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी भरली असेल तरी शिट्टी येते. ती काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि टूथब्रशने घासा. खरं तर सगळ्यात आधी हेच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लशची टाकी भरत आली की किंचाळत असेल तर तरंगणारा गोळा हाताने उचला. आवाज थांबला की बॉल कॉक दोषी. त्यातलं रबर बदला, आणि टाकीला पाणी देणारा अँगल कॉक थोडा कमी करून पाहा.

७. टक्-टक्: तापणारे पाइप

हा आवाज रात्री भीती घालतो, पण सहसा निरुपद्रवी असतो. गरम पाण्याने पाइप लांबतो. १० मीटरचा तांब्याचा पाइप ४० अंशांनी तापला तर साधारण ७ मिलिमीटर वाढतो. सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकचा) तेवढाच पाइप २५ मिलिमीटरच्या आसपास. एवढी लांबी कुठेतरी सरकणारच. क्लॅम्प घट्ट असेल किंवा भिंतीतलं भोक पाइपला चिकटून असेल तर तो अडकत-सुटत सरकतो आणि प्रत्येक सुटण्याला एक टक्.

म्हणजे धक्क्याच्या नेमकं उलट. इथे पाइप आवळायचा नाही, त्याला रबरी अस्तराच्या क्लॅम्पमध्ये सरकू द्यायचं. भिंतीतून जातो तिथे फोमची नळी चढवा. लांब सरळ धाव असेल तर प्लंबरकडून वळसा टाकून घ्या. सीपीव्हीसीवर सरकावं म्हणून तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. काही तेलांनी त्याला तडे जातात.

८. गिझरची घरघर

पाणी जड असेल तर तापल्यावर त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो आणि तळाशी व रॉडवर थर धरतो. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात, आणि गिझर चहाच्या किटलीसारखा घरघरतो.

वीज मुख्य स्विचवरून बंद करा. काही तास थांबा, आतलं पाणी पोळणारं असतं. येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, हवा आत जावी म्हणून गरम पाण्याचा एक नळ उघडा, खालच्या तोटीला नळी लावून टाकी रिकामी करा. मग थोडं-थोडं पाणी सोडत नितळ येईपर्यंत धुवा. पुन्हा भरताना गरम नळातून अखंड धार येईपर्यंत वीज लावू नका. कोरडा रॉड मिनिटांत जळतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून तो कुणी बंद करून ठेवला असेल तर गिझर वापरणं लगेच थांबवा. कोंडलेला दाब टाकी फोडू शकतो.

९. हवा आणि पंप

पाणी बंद होऊन परत आलं की नळ थुंकतात. सगळ्यात खालच्या नळापासून सुरुवात करून वरपर्यंत एकेक नळ पूर्ण उघडा, धार एकसारखी झाली की बंद करा. हे रोजच होत असेल तर टाकीतून उतरणाऱ्या पाइपला कुठे उंचवटा आहे का पाहा. हवा तिथेच साठते. उंचवट्यावर हवेचा पाइप काढून त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावं लागतं.

पंप बंद होताना ठण् आला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेची, पाती आपटतेय; स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवा. पंपात खडे फिरताहेत असा आवाज असेल तर त्याला ओढायला पुरेसं पाणी मिळत नाही. जाळी साफ करा, ओढणाऱ्या बाजूचा कॉक पूर्ण उघडा. नुसतीच घूं-घूं भिंतीत जात असेल तर खाली रबराचे पाय आणि दोन्ही बाजूंना लवचिक नळी.

१०. गुडगुड: जाणारं पाणी

बेसिनखालच्या वाकड्या नळीत साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. तेच गटाराचा वास अडवतं. दुसरीकडे फ्लश केल्यावर बेसिन गुडगुडत असेल तर सांडपाण्याच्या पाइपला वरून हवा मिळत नाही, म्हणून तो ती या नळीतून ओढतोय. छतावरच्या हवेच्या पाइपचं तोंड पाहून घ्या: पानं, घरटं, कधी रंगकाम करताना घातलेलं झाकण. फक्त स्वतःचंच पाणी जाताना गुडगुड येत असेल तर खालची नळी उघडून साफ करा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र टाकू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

११. प्लंबरला बोलावताना

भिंतीतली गळती, दाब कमी करणारी झडप, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि भिंतीतले क्लॅम्प, ही कामं त्याची. ‘पाइप वाजतो’ एवढंच सांगितलं तर तो जवळचा नळ बदलेल, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. वही दाखवा, दोन वेळचे दाबाचे आकडे सांगा, आणि आवाज त्याच्यासमोर काढून दाखवा. मशीनचा दोष असेल तर तो यायच्या आधी मशीन भरायला लावा.

काम झालं की प्रत्येक उघडलेल्या सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून तासाभराने पाहा, ओल असेल तर कागद लगेच सांगतो. आणि मशीनने पाणी घेणं थांबवलेला एक क्षण त्याच्यासोबत उभं राहून ऐका, मगच त्याला जाऊ द्या.